आदर्श गाव आणि तमाशाचा फड : कलावंताच्या हिशेबाचे मराठी चित्रण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ग्रामविकासाच्या चर्चेत राळेगणसिद्धी हे नाव एखाद्या संज्ञेसारखे वापरले जाते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील हे अवर्षणप्रवण गाव. सैन्यातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून कामाला आरंभ केला. पुढे दारूबंदी, नालाबांध, पाझर तलाव, धान्य बँक, सामुदायिक विवाह असा या कामाचा विस्तार होत गेला. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री येथूनच महाराष्ट्रभर पोहोचली आणि १९९२ मध्ये राज्य शासनाने आदर्श गाव योजना हाती घेतली. राळेगणच्या प्रयोगाचा गाभा पाहिला तर तो हिशेबाचा आहे. पाऊस किती पडला, पाणी किती मुरले, त्यावर कोणते पीक घ्यायचे याचा हिशेब गावाने एकत्र बसून मांडला.

याच पारनेर तालुक्याला लागून पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका आहे आणि त्यात नारायणगाव आहे. तमाशापंढरी अशी त्याची ख्याती आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक तेथे राहुट्या टाकून बसतात, गावोगावचे यात्रा कमिटीचे पंच येतात आणि चैत्र-वैशाखातील यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. म्हणजे ग्रामीण महाराष्ट्राच्या दोन मोठ्या व्यवस्था शेजारच्या दोन तालुक्यांत नांदत आहेत. एकीने गावाच्या पाण्याचा हिशेब शिकविला, दुसरी गावाच्या करमणुकीचा व्यवहार करते. मात्र आदर्श गावाच्या कोणत्याही सूत्रात कलावंताच्या उपजीविकेचा उल्लेख नाही, आणि तमाशाविषयीच्या मराठी लेखनात व चित्रपटांत गावाच्या आदर्शाचा प्रश्न वारंवार आला तरी फडाच्या जमाखर्चाला क्वचितच स्थान मिळाले आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अभावाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे आणि मर्यादा

तमाशाच्या व्यवसायाची रचना थोडक्यात मांडणे, त्या रचनेच्या प्रकाशात काही निवडक मराठी कलाकृतींचे वाचन करणे, आणि या कलाकृतींनी घडविलेल्या कलावंताच्या प्रतिमेचा त्याच्या प्रत्यक्ष जगण्याशी असलेला संबंध तपासणे, ही लेखाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी 'पिंजरा' (१९७२) व 'नटरंग' (२०१०) हे चित्रपट, विठाबाई नारायणगावकर यांच्याविषयीची चरित्रपर मांडणी, किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) हे आत्मकथन आणि भूषण कोरगांवकर यांचे 'संगीत बारी' (२०१४) हे पुस्तक विचारात घेतले आहे. तमाशाचा इतिहास, लावणीचे काव्य किंवा नृत्याची शैली हे विषय कक्षेबाहेर ठेवले आहेत. त्यांच्यावर विपुल लेखन झालेले आहे.

फडाचे अर्थकारण : उचल, हंगाम आणि सुपारी

तमाशाचे व्यवसायाच्या दृष्टीने दोन मुख्य प्रकार पडतात. पहिला ढोलकीफडाचा तमाशा. यात गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा क्रम असतो. दुसरा संगीत बारी. यात वग नसतो. लावणी, अदाकारी आणि बैठक यांना प्राधान्य असते. ढोलकीफड गावोगाव फिरतो, तर संगीत बारीच्या पार्ट्या ठरावीक थिएटरांत मुक्कामाला असतात. पुण्याचे आर्यभूषण, दौंड तालुक्यातील चौफुला, सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड ही अशा थिएटरांची परिचित ठिकाणे होत.

मोठ्या फडाचे वर्ष पावसाळ्यात सुरू होते, आणि ते उत्पन्नाने नव्हे तर कर्जाने सुरू होते. नर्तकी, सोंगाड्या, ढोलकीवाला, झीलकरी, तंबू उभारणारे कामगार आणि वाहनचालक यांना हंगामासाठी बांधून घ्यायचे तर आगाऊ रक्कम द्यावी लागते. या रकमेला उचल म्हणतात. फडमालकाजवळ ती क्वचितच असते. बँकेला तारण देण्यासारखे त्याच्याकडे काही नसल्याने तो सावकाराकडे जातो. दसऱ्यापासून तंबू उभे राहतात आणि तिकिटावर खेळ होतात. या काळातील रोजची तिकीटविक्री बहुधा रोजच्या खर्चातच संपते. वर्षाचे कर्ज फिटण्याची आशा असते ती पाडव्यानंतरच्या यात्रांच्या सुपाऱ्यांवर. सुपारी ठरताना काही रक्कम इसार म्हणून मिळते, उरलेली खेळाच्या दिवशी. रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी गावासमोर हजेरी द्यावी लागते, आणि ती दिल्यावरच पुढच्या गावची वाट धरायची असते.

या रचनेत जोखीम कोणाची, हे पाहणे महत्त्वाचे आहे. अवकाळी पाऊस आला, यात्रेत भांडण झाले, परवानगी नाकारली गेली तर नुकसान फडाचे होते. उचल घेतलेला कलावंत हंगामभर फडाशी बांधलेला असतो आणि फडमालक सावकाराशी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी आणि त्यानंतर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकावर कठोर मर्यादा आल्या. नियमाचे प्रयोजन योग्यच आहे. परंतु जो खेळ पूर्वापार रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत असे, त्याच्या वगाला त्यामुळे मोठी कात्री लागली. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदी तंबूचा हंगाम नुकताच सुरू झालेला असताना आली आणि रोख तिकिटावर चालणाऱ्या धंद्याला तिने धक्का दिला. २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता. देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस. २०२१ मध्ये पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी राज्यात पुन्हा कठोर निर्बंध लागू झाले. वर्षभराची उचल देऊन बसलेल्या व्यवसायाचे कमाईचे दिवसच लागोपाठ दोन वर्षे बुडाले. हा तपशील ध्यानात ठेवून मराठी कलाकृतींकडे वळले असता त्यांत काय आले आणि काय वगळले गेले, हे स्पष्ट होते.

'पिंजरा' : वेशीबाहेरचा फड

व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' हा तमाशाविषयीच्या मराठी चित्रपटांतील सर्वाधिक प्रभावी चित्रपट होय. त्याच्या कथेचे मूळ १९३० च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटात शोधले जाते. मूळ चित्रपटातील प्राध्यापक गायिकेच्या मोहात पडून प्रतिष्ठा गमावतो, तिच्या मंडळींबरोबर गावोगाव फिरतो, तिची छायाचित्रे विकतो आणि अखेर विदूषक म्हणून रंगमंचावर उभा राहतो. शंकर पाटील यांच्या पटकथा-संवादांतून ही कथा मराठी मातीत आली तेव्हा तिच्यात एक नवी गोष्ट मिळविली गेली. ती म्हणजे आदर्श गाव. डॉ. श्रीराम लागू यांनी साकारलेले गुरुजी केवळ शिक्षक नाहीत. त्यांनी एका गावाला वळण लावले आहे. संध्या यांनी साकारलेल्या चंद्रकलेचा फड तेथे येतो तेव्हा गुरुजी त्याला गावातून घालवितात, आणि फड नदीपलीकडे मुक्काम ठोकतो. येथून गुरुजींच्या अधःपाताला आरंभ होतो. गुरुजी मेले असे समजून गाव त्यांचा पुतळा उभारते, जिवंत गुरुजी फडात हरकाम्या होऊन राहतात आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातात.

व्यक्तीपेक्षा प्रतिमा मोठी ठरण्याची ही शोकांतिका समीक्षेने पुरेशी उलगडली आहे. तथापि फडाच्या बाजूने पाहिल्यास आरंभीच्या प्रसंगाचा दुसरा अर्थ निघतो. गावात खेळ न होणे म्हणजे हातची कमाई जाणे होय. फडाची माणसे, जनावरे, सामान घेऊन आलेल्या मालकिणीपुढे त्या क्षणी नीतीचा प्रश्न नसतो. त्या रात्री सर्वांच्या पोटाला काय घालायचे, हा प्रश्न असतो. चित्रपट मात्र तिच्या रागाचे रूपांतर अपमानाच्या सूडात करतो. मास्तरांच्या हाती तुणतुणे देऊन त्यांना फडात उभे करीन, ही तिची प्रतिज्ञा कथेचा कणा ठरते.

या तुणतुण्यापाशी थोडे थांबावयास हवे. 'पिंजरा'मध्ये तुणतुणे हे मानहानीचे अंतिम चिन्ह आहे. ज्या हातात खडू होता त्या हातात तुणतुणे आले, यापरती दुर्गती नाही, असे प्रेक्षकाला वाटावे अशीच चित्रपटाची योजना आहे. परंतु प्रत्यक्ष फडात तुणतुणे धरून झील ओढणे हे एक काम आहे. त्याला सूर लागतो, कान लागतो, रात्र रात्र उभे राहण्याची ताकद लागते, आणि त्यावर एक कुटुंब जगते. गुरुजींची अधोगती प्रेक्षकाला जाणवावी म्हणून झीलकऱ्याचे काम हीन आहे हे गृहीत धरावेच लागते. चित्रपटाला लाभलेल्या राम कदम यांच्या संगीताचा प्राण ढोलकी-तुणतुण्यातच आहे. त्याच वाद्याला कथेने शिक्षेचे रूप दिले, हा या श्रेष्ठ चित्रपटातील न सुटलेला अंतर्विरोध होय.

'नटरंग' : नाच्याची भूमिका आणि भांडवलाचा अभाव

आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीवर रवी जाधव यांनी त्याच नावाचा चित्रपट केला. त्यातील गुणा कागलकर हा शेतमजूर, अंगाने पैलवान आणि मनाने कलावंत. विहिरीवर मोटारपंप बसतो आणि मोटेवर राबणाऱ्यांचे काम जाते. बेकार झालेल्या सवंगड्यांना घेऊन गुणा फड काढतो. म्हणजे या कथेत कलेचा उगम छंदात असला तरी फडाचा उगम रोजगाराच्या प्रश्नात आहे. ग्रामीण अर्थकारणातील बदल आणि लोककलेचा व्यवसाय यांचा इतका सरळ संबंध दाखविणारी दुसरी कलाकृती मराठीत चटकन आठवत नाही.

फड उभा राहण्यासाठी बाई हवी, आणि बाईची अट अशी की फडात नाच्या हवा. ही अट कथेत नियतीसारखी येते. व्यवसायाच्या भाषेत ती बाजारपेठेची मागणी आहे. प्रेक्षक कशासाठी पैसे मोजतो हे जाणणाऱ्या नर्तकीने घातलेली ती अट आहे, आणि नाच्या पैसे देऊन आणण्याची ऐपत नसलेल्या फडाने ती मालकाच्याच अंगावर घेतली आहे. गुणा नाच्या होतो तो कलेच्या ओढीने, हे खरेच. पण दुसरा पर्याय विकत घेण्याइतके भांडवल त्याच्याजवळ नव्हते, हेही तितकेच खरे. पुढे पुरुषत्व, समाजाची कुचेष्टा, गावच्या पुढाऱ्यांचे वैर आणि गुणावरील अत्याचार यांवर कथेचा भर जातो. फड जळाल्यानंतर नवा उभा राहिला तो कोणत्या पैशावर, या प्रश्नापाशी चित्रपट रेंगाळत नाही. त्याचा शेवट जीवनगौरव पुरस्काराने होतो. आयुष्यभराच्या हिशेबाची बाकी एका सन्मानचिन्हाने चुकती करण्याची ही पद्धत चित्रपटापुरती मर्यादित नाही, हे पुढे दिसून येईल.

विठाबाई : निष्ठेची कथा आणि उरलेली बाकी

भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाची परंपरा चालविणाऱ्या विठाबाई (१९३५-२००२) यांना १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. योगिराज बागूल यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. विठाबाईंविषयी सर्वांत अधिक सांगितला जाणारा प्रसंग असा : दिवस भरलेले असताना त्या खेळाला उभ्या राहिल्या, कळा सुरू झाल्यावर रंगमंचामागे गेल्या, तेथे प्रसूती झाली, दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा प्रेक्षकांसमोर येण्यास सिद्ध झाल्या. भाषणांतून, लेखांतून आणि शालेय वक्तृत्वातूनही हा प्रसंग कलानिष्ठेचा परमोच्च दाखला म्हणून येतो.

विठाबाईंच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण हा प्रसंग केवळ निष्ठेचा म्हणून सांगितला गेल्यामुळे त्यातील काही प्रश्न विचारलेच जात नाहीत. नवव्या महिन्यात फडाच्या मुख्य नायिकेला खेळ का करावा लागला? तिच्या नावावर खेळ ठरला होता, प्रेक्षक जमला होता आणि ती उभी न राहिल्यास फडातील साऱ्यांचा रोज बुडणार होता. गिरणीतील किंवा कार्यालयातील स्त्रीला कायद्याने मिळणारी प्रसूतीची रजा फडातील स्त्रीपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. ज्या घटनेकडे श्रमिकाच्या असुरक्षिततेचा पुरावा म्हणून पाहावयास हवे, तिला मराठी मनाने गौरवगाथा केले. त्याच विठाबाईंची अखेर विपन्नावस्थेत झाली आणि पुढे त्यांच्या नावाने राज्य शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. गौरव आणि विपन्नता यांचा हा जोड अपघाती म्हणता येत नाही. कलावंताच्या त्यागाची स्तुती करणारा समाज त्याच्या देण्याघेण्याची चौकशी करीत नाही, आणि चौकशी न होण्याची सोय त्या स्तुतीतच असते.

पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांच्या चरित्रालाही हेच लागू पडते. कुलकर्णी वतनाच्या घरातील हा कवी तमाशात आला, संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळेच्या साथीने त्याने अमाप लोकप्रियता मिळविली आणि शेवटी तो दारिद्र्यात गेला. त्यांची कथा जात आणि प्रेम यांच्या अंगाने सांगितली जाते. मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रपर लेखनात एक वेगळी नोंद आढळते. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत डॉ. आंबेडकरांनी नाकारली; अस्पृश्य समाजातील स्त्रियांना नाचवून मिळविलेला तो पैसा आहे, अशी त्यांची भूमिका होती. या नकारात तमाशा वाईट की चांगला हा प्रश्न मुख्य नाही. पैसा कोणाच्या श्रमातून आला आणि कोणाच्या हाती गेला, हा प्रश्न मुख्य आहे. तमाशाविषयीच्या चर्चेत हिशेबाचा प्रश्न इतक्या स्पष्टपणे क्वचितच विचारला गेला असेल.

हिशेब मांडणारी दोन पुस्तके

हा प्रश्न आतून विचारणारे लेखन पुढे आले ते 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनाच्या रूपाने. तमाशात नाचणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेले किशोर काळे पुढे डॉक्टर झाले. त्यांच्या निवेदनात नृत्याचे वर्णन थोडे आणि घराचा जमाखर्च फार आहे. मुलगी नाचायला लागली की वडील, भाऊ, त्यांची कुटुंबे तिच्या कमाईवर जगतात. ती कोणा धनिकाची झाली, म्हणजे तिचा चिरा उतरला, की तिचे नाचणे थांबते. त्याने सोडले की ती पुन्हा उभी राहते. येथे कलावंत स्त्री कमावती आहे, पण कमाईची मालकीण नाही. मराठी चित्रपटातील मोहिनी किंवा त्यागमूर्ती यांच्या जागी येथे एक मिळवती, थकलेली आणि निर्णयाचा अधिकार नसलेली स्त्री दिसते. काळे यांच्या लेखनावर समाजाची बदनामी केल्याचा आक्षेप घेतला जाऊ शकतो, परंतु घरातील पैशाचा प्रवाह दाखवितानाच त्यांनी शोषणाची जागा नेमकी दाखविली, हे त्या लेखनाचे बळ होय.

'संगीत बारी'ची दृष्टी निराळी आहे. कोरगांवकर बाहेरून आलेले, पण दीर्घकाळ थिएटरांत वावरलेले निरीक्षक आहेत. थिएटरमालक, पार्टीची मालकीण, नाचणाऱ्या, गाणाऱ्या, पेटीवाला, ढोलकीवाला यांच्यातील वाटण्या, रंगमंचावरील पाळी आणि खोलीतील बैठक, फर्माईश आणि दौलतजादा यांचे व्यवहार त्यांनी माणसांच्या गोष्टींतून सांगितले आहेत. या पुस्तकातील स्त्रिया स्वतःच्या धंद्याविषयी बोलतात, थट्टा करतात, गिऱ्हाईक पारखतात, मुलांच्या शिक्षणाचे बेत करतात. पार्टीची मालकीण म्हणजे एक उद्योजिका आहे, ही जाणीव वाचकाला होते. त्याचबरोबर दुःखाकडे डोळेझाकही होत नाही. व्यवहाराची माहिती आल्याने कलेचे सौंदर्य उणावत नाही, हे या पुस्तकाने सिद्ध केले.

ही दोन पुस्तके परस्परविरोधी वाटली तरी त्यांची रीत एक आहे. दोन्ही कलावंताला काम करणारी व्यक्ती मानतात. एकाने कमाईवरचा हक्क कसा हिरावला जातो ते दाखविले, दुसऱ्याने तो काही अंशी कसा टिकवला जातो ते दाखविले.

बिदागी, मानधन, सुपारी

कलावंताला मिळणाऱ्या पैशासाठी मराठीत एक शब्द नाही. अनेक आहेत आणि त्यांत उतरंड आहे. कीर्तनकाराला व गवयाला बिदागी दिली जाते. व्याख्यात्याला मानधन मिळते. तमाशाला सुपारी दिली जाते आणि नर्तकीवर दौलतजादा होतो. बिदागीत निरोपाचा आदर आहे, मानधनात धनाच्या आधी मान आहे. सुपारी हा मुळात वचनाचा, निमंत्रणाचा शब्द. विवाहाची सुपारी फुटते ती याच अर्थाने. गेल्या काही दशकांत मात्र त्याला गुन्हेगारी व्यवहाराची छटा चिकटली. गावाच्या एकाच यात्रेत, एकाच लोकवर्गणीतून सप्ताहाची बिदागी आणि तमाशाची सुपारी दिली जात असली, तरी पहिली पुण्याच्या खात्यात आणि दुसरी चैनीच्या खात्यात मांडली जाते.

शासनाने निवडलेला शब्द मानधन हा आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठीची योजना १९५४-५५ पासूनची. तिच्यात राष्ट्रीय, राज्य व जिल्हा स्तरावरील कलावंतांना अनुक्रमे ३१५०, २७०० व २२५० रुपये मासिक मानधन दिले जात असे. २०२४ मध्ये ही वर्गवारी बाजूस सारून सर्वांना ५००० रुपये करण्यात आले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. वर्गवारीत अन्याय होताच; म्हातारपणी ढोलकीवाल्याचे औषध जिल्हास्तरीय म्हणून स्वस्त मिळत नाही. तरीही या मदतीची वेळ लक्षात घेतली पाहिजे. ती हात थकल्यानंतर येते. हात चालत असताना उचलीचा व्याजदर, सुपारीचा लेखी करार, अपघात किंवा प्रसूतीच्या काळातील संरक्षण यांविषयी तीत तरतूद नाही. फडांसाठीच्या अनुदानाचा लाभही फडमालकाच्या नावाने येतो. तो झीलकऱ्यापर्यंत किती पोहोचतो, हे फडाच्या अंतर्गत व्यवहारावर अवलंबून राहते. कलावंत काम करीत असताना त्याच्याकडे दुर्लक्ष आणि काम संपल्यावर त्याचा सन्मान, हा 'नटरंग'च्या शेवटाचाच शासकीय आविष्कार आहे.

आदर्शाच्या निकषावर

येथे पुन्हा राळेगणसिद्धीकडे वळणे आवश्यक ठरते. 'पिंजरा' प्रदर्शित झाला १९७२ मध्ये आणि राळेगणचे काम सुरू झाले १९७५ मध्ये. यांत कार्यकारण शोधण्याचे कारण नाही. चित्रपटातील आदर्श गाव वेशीच्या रक्षणावर उभे आहे; राळेगणच्या आदर्शातही बंदीचा भाग आहेच. परंतु राळेगणचा टिकाऊ भाग बंदीत नसून हिशेबात आहे. पाण्याचा उपसा किती आणि पुनर्भरण किती, हे सर्वांसमोर मांडणे, आणि पुढे शासकीय व्यवहारही जनतेसमोर यावेत म्हणून माहितीच्या अधिकाराचा आग्रह धरणे, ही एकाच विचाराची दोन रूपे होत. महाराष्ट्राचा तो कायदा २००२ मध्ये आणि केंद्राचा २००५ मध्ये झाला, त्यामागे या गावातून झालेल्या आंदोलनांचा वाटा आहे.

हा विचार कलावंताच्या व्यवहाराला लावला तर काय दिसेल? यात्रेचा तमाशा ठरविणारे पंच गावाच्या वर्गणीचे विश्वस्त असतात. सुपारी किती ठरली, इसार किती दिला, खेळ न झाल्यास नुकसान कोण सोसणार, मुक्कामाला आलेल्या स्त्रियांसाठी निवारा, पाणी व शौचालयाची सोय काय, या गोष्टी ग्रामसभेच्या कागदावर येण्यास कोणतीही अडचण नाही. गावाने तमाशा आणावा की आणू नये, हा त्या गावाचा निर्णय. मात्र आणल्यावर त्याच्याशी रोखठोक आणि लेखी व्यवहार करणे हीदेखील ग्रामनीती आहे. कलावंताला वेशीबाहेर ठेवणे सोपे असते, आणि त्याला देव्हाऱ्यात बसविणेही सोपे असते. त्याच्याशी करार करणे हे अधिक कठीण काम आहे.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, हिशेबाच्या चष्म्यातून पाहिल्यास कलाकृती दस्तऐवज होऊन बसते. आक्षेपात तथ्य आहे. 'पिंजरा'ची भव्यता किंवा 'नटरंग'मधील अंतर्द्वंद्व जमाखर्चात मावत नाही. तथापि शोकांतिकेला जे गृहीत धरावे लागते त्याची तपासणी करणे हे समीक्षेचेच काम आहे. तुणतुणे हाती येणे ही दुर्गती आहे असे कथा म्हणते, तेव्हा ते कोणाच्या दृष्टीने, हे विचारल्याने कथेचे मोल घटत नाही. तिचे सामाजिक स्थान कळते.

निष्कर्ष

१. तमाशाविषयीच्या प्रभावी मराठी कलाकृतींत कलावंताची प्रतिमा मोह, त्याग आणि सूड या भावसूत्रांत बांधली गेली असून उचल, सुपारी, जोखीम व वाटणी हे व्यवसायाचे घटक पार्श्वभूमीवर राहिले आहेत.

२. 'पिंजरा'मधील आदर्श गाव ही कथेतील मराठी भर असून, तिच्यामुळे फडातील श्रमाला मानहानीचे रूप प्राप्त झाले आहे. 'नटरंग'ने रोजगाराचा प्रश्न उभा केला, परंतु त्याचे उत्तर सन्मानात शोधले.

३. विठाबाईंच्या प्रसूतीचा प्रसंग केवळ निष्ठेचा दाखला म्हणून सांगणे हे असुरक्षित श्रमाचे उदात्तीकरण आहे. त्याचे पुनर्वाचन आवश्यक आहे.

४. 'कोल्हाट्याचं पोर' आणि 'संगीत बारी' या पुस्तकांनी व्यवहाराचा तपशील मांडल्यामुळे कलावंत काम करणारी व्यक्ती म्हणून प्रथमच ठळक होते.

५. शासकीय मानधन आणि पुरस्कार ही उत्तरकालीन मदत आहे. कार्यकाळातील लेखी करार, रास्त दराचे कर्ज आणि सामाजिक सुरक्षा यांची जोड तिला मिळणे गरजेचे आहे.

ग्रामीण भागातील महाविद्यालयांत मराठी, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र हे विभाग एकाच इमारतीत असतात. परिसरातील फडांच्या व यात्रा कमिट्यांच्या जुन्या वह्या, इसार-पावत्या आणि कलावंतांच्या तोंडी आठवणी यांचे संकलन या तिन्ही विभागांनी एकत्र येऊन केल्यास लोककलेच्या अभ्यासाला आज नसलेला पाया मिळेल. पारनेर-जुन्नर परिसरातील अनेक जुने कलावंत वयोवृद्ध झाले आहेत. त्यांच्यासोबत या वह्या समजावून सांगणारी माणसेही जाणार असल्याने हे काम लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही.